पोराचं सासर समुद्रात

रावेरहून समुद्राकडे जायचे मार्ग दोन. पहिला मध्य रेल्वेचा. तो भुसावळ, मनमाड, इगतपुरी करत मुंबईला पोचवतो. दुसरा तापीचा. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, आमच्या तालुक्याच्या दक्षिणेकडून वाहते, हतनूरला धरणाच्या 41 दरवाजांपाशी जरा थबकते आणि 724 किलोमीटरचा प्रवास संपवून सुरतेपलीकडे अरबी समुद्राला मिळते. हा दुसरा मार्ग बिनतिकिटाचा असूनही रावेरच्या कुणी तो वापरल्याचं ऐकिवात नाही. समुद्राला पाणी पाठवणं एवढाच आमचा त्याच्याशी व्यवहार, आणि उन्हाळ्यात तोही बंद.

समुद्राविषयी आमची मतं मात्र पक्की आहेत. ज्यानं तो पाहिलेला नाही त्याची तर फारच पक्की. आमचे एक शेजारी पूर्वी कधीतरी मुंबईला गेले, मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले आणि परत आल्यावर एवढंच म्हणाले, "पाणी भरपूर आहे, पण ठिबकला चालायचं नाही." केळी पिकवणारा माणूस समुद्राचं याहून नेमकं परीक्षण करू शकत नाही. बोअरला पाणी लागावं म्हणून नवस बोलणाऱ्या गावाला, एवढं पाणी नुसतं पडून आहे, यात सौंदर्य वगैरे दिसत नाही. उधळपट्टी दिसते.

खरं तर रावेरच्या माणसाआधी रावेरचं केळं समुद्रावर गेलं. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि आता न्हावाशेवा बंदरातून आखाताकडे निघालेल्या गार कंटेनरांत, तेरा-चौदा अंशांच्या तापमानात, आमच्याकडची केळी निवांत पडून परदेशी जातात. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात बागेला पाणी देणाऱ्या आमच्या थोरल्या भावाला, म्हणजे नानांना, हे तापमान कळलं तेव्हा ते म्हणाले होते, "पुढच्या जन्मी घड म्हणून येईन."

अशा घरातला पोरगा नौदलात गेला.

नानांच्या या मुलानं बारावीनंतर दिसेल त्या भरतीचा फॉर्म भरला होता. पोलीस, रेल्वे, वनरक्षक, आणि त्यातच कुठेतरी नौदलाचा अग्निवीर. पोहणं तो मळ्यातल्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून शिकलेला. भरतीत निवड झाली आणि त्याला ओडिशात आयएनएस चिल्काला बोलावलं, तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, पोरगा थेट जहाजावर चालला. प्रत्यक्षात चिल्का हा जमिनीवरचा तळ आहे. नौदलात जमिनीवरच्या तळालाही जहाजासारखंच आयएनएस म्हणतात. हे कळल्यावर आमची आई, जिला घरात लहानथोर सगळे जिजी म्हणतात, तिला फार बरं वाटलं. "जमिनीवरच हाये ना? मग बोटीचं नाव नुसतं भ्याव दाखवाले ठेवलं असंन."

चिल्काचं प्रशिक्षण सोळा आठवड्यांचं. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचा दीक्षान्त सोहळा 28 मार्च 2023 ला झाला, तोही प्रथेबाहेर जाऊन सूर्यास्तानंतर, आणि त्या तुकडीत 273 मुलीही होत्या. आमचा पोरगा नंतरच्या तुकडीतला. पण त्या संध्याकाळच्या सोहळ्याची हकीगत ऐकल्यापासून जिजीच्या मनात एक खटका बसला. दिवेलागणीला आपण शेजारणीला विरजणसुद्धा देत नाही, आणि त्या वेळी ह्यांनी पोरं देऊन टाकली?

जिजीचा तो शब्द आम्हाला तेव्हा विनोदी वाटला. 'देऊन टाकली.' पुढे पोरगा मुंबईच्या जहाजावर रुजू झाला, आणि मग हळूहळू घरात लक्षात येऊ लागलं की जिजी बरोबर बोलली होती. आमच्या घराण्यात पहिल्यांदाच एका मुलाला सासरी पाठवलं गेलं होतं.

पुरावे बघा. फोन करतो, पण मोकळेपणानं बोलत नाही. मध्येच "ठेवतो, बोलावताहेत" म्हणून तोडतो. जहाज बाहेर गेलं की कित्येक दिवस फोनच नाही, आणि परत आल्यावर "कुठे होतास?" विचारलं तर "इथंच" म्हणतो. जेवण कसं आहे, असं विचारलं की "चांगलं आहे" एवढंच, आणि ते अशा आवाजात की आईच्या पोटात कालवावं. घरी यायचं तर आधी रजेचा अर्ज. आखाजीला आमच्याकडे झाडून साऱ्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्या वेळी हा म्हणाला, "यंदा जमायचं नाही, वरचे पाठवत नाहीत." आणि शेवटी रजेवर आलाच, तर चालीरीती तिकडच्या. भिंतीला बल्कहेड म्हणतो, स्वयंपाकघराला गॅली म्हणतो, चादर चारी बाजूंनी खोचल्याशिवाय झोपत नाही, आणि ताटात टाकत नाही. वहिनी हे बघून डोळ्यांना पदर लावते. वीस वर्षं जे तिला जमलं नाही ते सासरच्यांनी सहा महिन्यांत करून दाखवलं, याचं दुःख कुठल्याही आईला होणारच.

या पार्श्वभूमीवर एके रात्री त्याचा फोन आला की जहाजावर घरच्यांना नेणार आहेत.

नौदलात ही चाल जुनी आहे. 'डे ॲट सी' म्हणतात. खलाशांच्या आणि अधिकाऱ्यांच्या घरच्या माणसांना सकाळी जहाजावर घ्यायचं, समुद्रात आत न्यायचं, हेलिकॉप्टर उतरताना-उडताना दाखवायचं, पाण्यात पडलेल्या माणसाला कसं वाचवतात ते दाखवायचं, दुपारी जेवू घालायचं आणि संध्याकाळी धक्क्यावर आणून सोडायचं. 4 डिसेंबर हा नौदल दिन, तेव्हा साधारण थंडीच्या दिवसांत असे बेत निघतात. हेतू साधा आहे. आपलं माणूस एवढे दिवस जिथं असतं ती जागा घरच्यांनी एकदा डोळ्यांनी बघावी.

हेतू नौदलाचा साधा होता. आमचा नव्हता. लेकीच्या सासरी पहिल्यांदा जाणारे आईबाप घर बघायला जात नाहीत. आपल्या घरचं काही कमी नाही, हे दाखवायला जातात.

पहिली अडचण संख्येची आली. पुतण्या म्हणाला, तिघांची नावं देता येतील, आणि तीही अगदी जवळच्या नात्यातली. वहिनीनं हे फोनवर ऐकलं आणि हात फोनवर ठेवून नानांना म्हणाली, "तिघं म्हणतो." नाना म्हणाले, "तीन गाड्या म्हणत असेल." आमच्याकडे सुपारी फोडायलासुद्धा दोन क्रूझर भरून माणसं जातात. मुलगी बघायला तिघंच गेले, तर समोरचा माणूस विचारतो, बाकीचे रागावले आहेत का? तेव्हा युद्धनौकेवर, जिथं जागा मुबलक आहे असं आम्ही सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिलेलं आहे, तिथं तिघांनीच जायचं हे कुणाला पटेना.

दुसरी अडचण गुप्ततेची. पोरानं बजावलं होतं, जहाजाचं नाव, तारीख, काही म्हणजे काही कुणाला सांगायचं नाही, ग्रुपवर टाकायचं नाही. रावेरात गुप्तता पाळायची म्हणजे सांगताना आवाज कमी करायचा. त्याप्रमाणे नानांनी बाजार समितीत आवाज कमी करून सांगितलं, वहिनीनं भिशीत आवाज कमी करून सांगितलं, आणि दोन दिवसांत बऱ्हाणपूरच्या केळीच्या व्यापाऱ्यानं भाव सांगायला फोन केला, तोही आवाज कमी करून म्हणाला, "नाना, जहाजावर चालले म्हणे." जहाजाचं नाव मात्र फुटलं नाही. ते आमच्यातल्या कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं, हा भाग वेगळा.

मग गल्लीतल्या निवृत्त गुरुजींनी सूत्रं हातात घेतली. गुरुजींनी समुद्र पाहिलेला नाही, पण शिकवलेला आहे. ते रोज संध्याकाळी ओसरीवर येत आणि आम्हाला प्रवासासाठी तयार करत. नौदल दिन 4 डिसेंबरलाच का, तर 1971 च्या युद्धात त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. नौदलाच्या ध्वजावर 2022 पासून अष्टकोन का, तर तो शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतला. नौदलाचं ब्रीद काय, तर वरुणदेवानं आमचं कल्याण करावं.

इथं नाना अडले. वरुणाशी आमचे संबंध बरे नाहीत. दरसाल मे-जूनच्या सुमाराला तो वाऱ्याला बरोबर घेऊन येतो आणि कापणीला आलेली बाग एका संध्याकाळीत आडवी करून जातो. पंचनाम्याला तलाठी येतो, वरुण येत नाही. "त्याच्या भरवशावर एवढं मोठं जहाज?" नानांनी विचारलं. गुरुजी म्हणाले, भरवसा इंजिनावर आहे, त्याला फक्त नमस्कार आहे. हे नानांना पटलं. शेतीतही तेच करतात.

वेगाचा विषय निघाला तेव्हा मात्र नौदलाची बाजू लंगडी पडली. गुरुजींनी सांगितलं, युद्धनौका तीस नॉटपर्यंत जाते. नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर. पुतणीनं मोबाइलवर गुणाकार केला. पंचावन्न. "एवढंच?" नाना म्हणाले. सावद्याहून रावेरला येणारा कालीपिलीवाला एका हातानं तंबाखू मळत याहून जास्त वेगानं येतो, आणि त्याला मध्ये विवरे लागतं. गुरुजींनी सावरून घेतलं की जहाजाचं वजनही बघा. आयएनएस सुरत घ्या, 15 जानेवारी 2025 ला मुंबईत नौदलात दाखल झालेली, लांबी 164 मीटर, वजन 7,400 टन. टनाचं नाव काढताच ओसरी जागी झाली. टन आम्हाला कळतो. दहा टनी ट्रक धरला तर सातशे चाळीस ट्रक केळी एकदम ताशी पंचावन्ननं पळताहेत, असं चित्र नानांसमोर उभं राहिलं आणि त्यांनी नौदलाला माफ केलं. शिवाय जिथं आपली तापी समुद्राला मिळते त्या गावाचं नाव जहाजाला आहे, म्हणजे पाण्यानं का होईना, जहाज आपल्या नात्यातलं आहे, हेही ठरलं.

यावर गुरुजींनी हुकमाचं पान टाकलं. "सुरतेचं काय घेऊन बसलात? आपल्या सातपुड्याच्या नावाची युद्धनौका आहे."

आणि ती खरोखरच आहे. माझगाव डॉकमध्ये बांधलेली, 2011 च्या ऑगस्टमध्ये नौदलात आलेली आयएनएस सातपुडा. ती असते विशाखापट्टणमला. 2022 साली ती मोठ्या सरावासाठी हवाई बेटांवर गेली, तिथून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन डिएगोला पोचली, आणि स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीला 15 ऑगस्टचं झेंडावंदन तिथं झालं. गुरुजींनी आणखी एक माहिती जोडली. हवाई ते सॅन डिएगो हीच वाट अमेरिकेच्या नौदलात घरच्या माणसांसाठी प्रसिद्ध आहे. मोहिमेवरून परतणारं जहाज हवाईत थांबतं, खलाशांचे आईबाप, भाऊबहीण, मुलं तिथं जहाजावर चढतात आणि घरापर्यंतचे शेवटचे काही दिवस बरोबर प्रवास करतात. त्याला टायगर क्रूझ म्हणतात. बायकोला मात्र सहसा घेत नाहीत.

"बायकोले काबरं नाही?" वहिनीनं विचारलं. तिच्या पोराचं लग्न व्हायचं असलं तरी सुनेच्या बाजूनं बोलायची सवय आतापासून लावून घेतलेली बरी, असं तिला वाटलं असावं. गुरुजींना कारण माहीत नव्हतं, म्हणून ते "शिस्त" म्हणाले.

जिजी इतका वेळ गप्प होती. रावेरच्या उत्तरेला उभा असलेला सातपुडा ती जन्मापासून बघत आलेली. तो कधी जागचा हललेला तिनं पाहिला नव्हता. ती म्हणाली, "आपला सातपुडा अमेरिकेले जाऊन आला, आन् मले कोनी डोंबिवली दाखवत नाही."

तिसरं नाव कुणाचं, हा प्रश्न इथं सुटायला हवा होता. पण तो इतक्यात सुटणार नव्हता, कारण उमेदवार बरेच होते. डोंबिवलीच्या आत्याचं म्हणणं, मुक्काम माझ्याकडे, पहाटेची लोकल माझ्याकडून, मग मी काय नुसतं कुलूप लावायला? मामांचं म्हणणं, भरतीच्या वेळी धावायला पहाटे कोण उठवत होतं? (फोन करून उठवत होते, स्वतः पांघरुणातून.) माझं म्हणणं असं की घरात लिहिणारा एक तरी माणूस जहाज बघून आला पाहिजे, नाहीतर पुढच्या पिढीला काय सांगणार? यावर पुतणी म्हणाली की पुढची पिढी म्हणजे मीच, आणि मला सांगण्यापेक्षा मलाच न्या. तिचा युक्तिवाद बिनतोड होता, म्हणून तिला अभ्यासाला बसवण्यात आलं.

तेवढ्यात सूचनांची यादी आली. ओळखपत्रं मूळ प्रतीसह. मोबाइल आणि कॅमेरा जहाजावर चालणार नाही. उंच टाचा नकोत, सपाट बूट घाला. जहाजावर उभ्या शिड्या असतात, तेव्हा शिडी चढता-उतरता येईल असा सुटसुटीत पोशाख करा, साडी टाळा. सामान एक लहान पिशवी. पहाटे वेळेवर गेटवर हजर.

या यादीतल्या एकेका ओळीनं आमच्या घरात एकेक दिवस खाल्ला. मोबाइल नाही म्हटल्यावर नानांचा अर्धा जीव गेला. फोटो नसेल तर रावेरात मानणार कोण? लोक म्हणतील, डोंबिवलीला बहिणीकडे झोपून आले. साडी नाही म्हटल्यावर वहिनीचा उरलेला अर्धा गेला. तिनं लग्नानंतर पंजाबी ड्रेस घातलेला नाही. पण पोराच्या सासरचं वळण असेल तसं वागावं लागतं, म्हणून तिनं कापड आणलं, शिंप्याला माप दिलं, आणि पहिल्यांदा तो ड्रेस घालून खोलीबाहेर आली तेव्हा नानांनी "कोण पाहिजे?" असं विचारल्यामुळे दोन दिवस बोलणं बंद होतं. मग पांढरे बूट आले. ते सवय व्हावी म्हणून ती घरात घालू लागली. घरात चपला चालत नाहीत हा तिनेच केलेला नियम, तेव्हा बुटांसाठी कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

जिजीनं यादी वाचून घेतली आणि ती एकटीच निर्धास्त होती. तिचं नऊवारी लुगडं, त्याला काष्टा. ज्या बाईनं काष्टा मारून माळ्यावर, मळ्यातल्या मचाणावर आणि एकदा शेजाऱ्याशी भांडायला पत्र्यावर चढून दाखवलं, तिला जहाजाची शिडी ती काय? नौदलानं सुटसुटीत पोशाखाची जी काही व्याख्या केली असेल तीत आमच्या घरात एकटी जिजी बसत होती. पायात सपाट वहाणा, जवळ मोबाइल नाही, आणि पिशवी तर तिची कमरेलाच, तंबाखूच्या चंचीएवढी. पहाटे चारला ती रोजच हजर असते. तिसरं नाव तिथंच ठरलं. मामांनी आत्याला फोन करून निषेध नोंदवला.

आता राहिली ती लहान पिशवी. लेकीच्या सासरी रिकाम्या हातानं कुणी जात नाही, आणि आमच्याकडे लहान पिशवी म्हणजे वीस किलोची. थंडीचे दिवस, म्हणजे भरीत हवंच. बामणोदची वांगी आणायची, पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, हिरव्या मिरच्या-लसूण घालून ठेचायची, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, सोबत कळण्याच्या पुऱ्या. मग वरणबट्टी. बट्टीवर मात्र गुरुजींनी आक्षेप घेतला. गोदीच्या गेटवर पिशव्या तपासतात, आणि एवढ्या गोल, टणक, वजनदार वस्तू एका ओळीत मांडलेल्या पडद्यावर दिसल्या तर युद्धनौकेच्या पहारेकऱ्यानं काय समजायचं? बट्टी बाद झाली. बिबड्या आणि कुरडया नेल्या तर तिकडे तळणार कोण, यावर वहिनीनं शांतपणे सांगितलं की गॅली कुठे आहे ते पोऱ्यानं दाखवलं की मी पाहून घेईन.

केळी नेण्याबद्दल तर चर्चाच नव्हती. एक अख्खा घड, मळ्यातला, कप्तानसाहेबांसाठी. व्याह्याला देतात तसा.

आणि नेमकं त्या रात्री अभ्यासाला बसलेल्या पुतणीनं मोबाइलवरून वाचून दाखवलं की जहाजावर केळं म्हणजे अपशकुन. पाश्चात्त्य देशांत मासेमारीच्या बोटींवर आजही केळं घेऊन चढू देत नाहीत. कारणं निरनिराळी सांगतात. जुन्या काळी केळी नासायच्या आत पोचवायची म्हणून त्या बोटी इतक्या पळत, की गळाला मासाच लागत नसे. घडांत दडून विषारी कोळी यायचे. केळ्यातून निघणाऱ्या वायूनं बाकीची फळं लवकर पिकून सडायची. हे शेवटचं तर आम्हाला नव्यानं सांगायला नको. तो वायू इथिलीन, आणि त्याच्या जिवावर आमच्याकडची पिकवण्याची चेंबरं चालतात.

ओसरी सुन्न झाली. ज्या तालुक्याचं नशीब केळीवर, तिथली केळी समुद्रावर अपशकुनी? नाना भडकले. "मग न्हावाशेवाहून जाते ती जहाजं बुडून राह्यली का?" त्यांनी तडक पोराला फोन लावला. तो हसायला लागला. "अहो नाना, तसलं आपल्याकडे काही नाही. आम्हाला नाश्त्याला केळं असतंच."

नानांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तेवढ्यात पोरगा बोलून गेला, "पण आपल्याकडचं नसतं. सोलापूरकडचं वाटतं, साल बघून कळतं."

त्या रात्री नाना जेवले नाहीत. अपशकुन परवडला असता.

जिजीनं दुसऱ्या दिवशी निकाल दिला. घड नेला आणि वाटेत जहाज नुसतं डुललं तरी लोक आपल्या पोराला बोल लावतील. सासर आहे, जपून राहिलेलं बरं. तेव्हा केळी न्यायची, पण वेफर्स करून. "तळल्यावर अपशकुन ऱ्हात नाही." यावर कुठल्याही देशाच्या खलाशाकडे उत्तर असेल असं वाटत नाही.

जहाज डुलण्याचा विषय निघालाच, तर त्याचीही तयारी झाली. समुद्र लागतो म्हणजे काय, तर कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय, डोळे म्हणतात समोरची भिंत तर स्थिर आहे, आणि या दोघांच्या भांडणात पोट मधल्या मध्ये उलटतं. उपाय असा की उघड्यावर यावं, क्षितिजाकडे बघत राहावं, जहाजाच्या मधल्या भागात थांबावं, पोट रिकामंही नको आणि तट्टही नको. यातली शेवटची अट खानदेशी माणसाला अवघड. आलेपाकाच्या वड्या, आवळासुपारी आणि डॉक्टरांना विचारून गोळ्या अशी पुडी बांधली गेली. सराव म्हणून नाना आणि वहिनी चांगदेवला जाऊन आले. तिथं तापी-पूर्णेचा संगम, हतनूरचा फुगवटा, पाणी अथांग. नावेत बसल्यावर नानांनी नावाड्याला विचारलं, "ही हलते ना?" तो म्हणाला, "हलवायची असेल तर पन्नास रुपये जास्त." नानांनी घासाघीस करून तीस रुपयांची हालचाल घेतली. वहिनीला काही झालं नाही. नाना उतरल्यावर मंदिराच्या पायरीवर बराच वेळ क्षितिजाकडे बघत होते.

एवढं सगळं झाल्यावर शेवटची शंका नानांना आली, आणि ती खरी मुद्द्याची होती. जहाजावर दुपारचं जेवण देतात. ते जेवायचं का? आमच्याकडे जुनी रीत आहे, नातवंड झाल्याशिवाय बाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाही. आता इथं ती लेक नसून तो लेक आहे, पण बाकी सगळं तसंच आहे. सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत पाण्यावर राहायचं आणि पाणी प्यायचं नाही? गुरुजींनी पुराणं धुंडाळली. जिजी म्हणाली, सरकारी जेवण आहे, कर आपण भरतो, म्हणजे घरचंच झालं. नानांनी खतावरच्या जीएसटीचा हिशेब मनात केला आणि पोटभर जेवायचं ठरवलं.

तिकिटं निघाली. भुसावळहून रात्रीची गाडी, कल्याणला उतरायचं, डोंबिवलीला आत्याकडे मुक्काम. आत्यानं रुसवा सोडून बेसन भाजायला घेतलं. वेफर्सची पाकिटं लाखेसारखी सील झाली. वांगी सांगून ठेवली. बागेची कापणी नानांनी आठ दिवस पुढे ढकलली, भाव चढा असताना. हे त्यागाचं शेवटचं टोक आहे, हे फक्त केळीवाल्यालाच कळेल.

आणि फोन आला. तारीख पुढे गेली. जहाजाला काम निघालं. काय काम, कुठे, किती दिवस, हे पोरानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. 'इथंच' असणार.

वहिनी पांढऱ्या बुटांकडे बघत बसली. मामांनी सांत्वनाला म्हणून फोन केला, त्यांचा आवाज संशय यावा इतका प्रसन्न होता. नाना म्हणाले, एवढी तयारी केलेली, निदान आधी सांगायचं. तेव्हा जिजीनं त्यांना गप्प केलं. "तुह्या बहिनीच्या वक्ती तिच्या सासरी शेतात काम निघालं, तं तिची आखाजी रद्द झाली होती. तवा म्या काही म्हनलं का? सासर आहे ते. काम आधी."

वेफर्स पार्सलानं रवाना झाले. ते मेसमध्ये टिकले नाहीत, आणि "आणखी आहेत का?" असं त्याच्या वरच्यांनी विचारलं, ही बातमी नानांनी बाजार समितीत आवाज अजिबात कमी न करता सांगितली. सोलापूरला परस्पर उत्तर गेलं असं त्यांचं मत आहे.

आता नवी तारीख कळली आहे. ती सांगता येत नाही, पण नेमकी आखाजीच्या आगेमागे पडते, एवढं सांगायला हरकत नसावी. म्हणजे यंदा गावातल्या साऱ्या लेकी झोके घ्यायला माहेरी येणार, आणि आमच्या घरचं अख्खं माहेर झोका घ्यायला सासरी जाणार. वांगी त्या दिवसांत चांगली मिळणार नाहीत, त्यामुळे भरीत बाद. पण आंबे निघालेले असतील, आणि आंब्याबद्दल कुठल्याही खलाशाची काही तक्रार नाही, हे पुतणीनं आधीच तपासून ठेवलंय. त्या बदल्यात तिला चौथा पास हवा आहे.